भिंतीपर्यंत न पोचलेली दारं

फेब्रुवारी सरत आला की राजुरीच्या बाजूला सकाळी आवाजांनीच जाग येते. कुणी पत्र्याचा डबा बडवत असतं, कुणी नुसतं तोंडाने हाकारत असतं, मधेच एखादा सुतळी बॉम्ब फुटतो आणि त्याचा धूर वेलींच्या मांडवाखाली बराच वेळ रेंगाळतो. द्राक्षात साखर भरलेली असते, आणि ते माणसांच्या आधी पाखरांना कळतं. उन्हं वर येईपर्यंत बागाबागांतून हा कालवा चालतो. मग तोडणीच्या बाया येतात, कात्र्यांचा बारीक आवाज सुरू होतो, आणि पाखरं आपली आपणच लांब जाऊन बसतात.

राजुरी हे माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं सासर. मी मंचरला राहते आणि जुन्नरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दर हंगामात दोनेक रविवार तिच्या शेडमध्ये घालवायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. हे आवाज मला आवडायचे. आता आवडत नाहीत. आता फटाका वाजला की मी पहिल्यांदा बघते, घरातलं कोण कुठे उभं आहे.

मी बोलणारी बाई नाही. घरात, स्टाफरूममध्ये, नातेवाइकांत माझी ओळख ‘मॅडम मोजकंच बोलतात’ अशी आहे, आणि लोक तो माझा गुण समजतात. हे सगळं लिहितेय ते त्या गुणाबद्दलच.

नंदाच्या शेडमध्ये बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. बागेतून भरलेले क्रेट येतात. नंदा घड देठाला धरून उचलते. मण्याला बोट लागता कामा नये, नाही तर त्याच्यावरची पांढुरकी झाक पुसली जाते आणि व्यापारी नाक मुरडतो. घड उजेडात फिरवायचा, तडकलेले, बारके मणी कात्रीच्या टोकाने उडवायचे, आणि मग ठरवायचं. हा परदेशी जाणार, हा पुण्या-मुंबईला, हा इथेच राहणार. बाजूला ठेवलेले घड मी खात बसायचे. गोडीला ते तसेच असायचे. एखाद्याचा खांदा वाकडा, एखाद्यात मणी जरा विरळ, एवढंच. मी एकदा म्हटलं, अगं, याला काय झालंय? तर नंदा म्हणाली, ‘झालं काहीच न्हाई अक्का. पण पेटीत बसत न्हाई.’

ते वाक्य मी वर्गात कितीदा तरी वापरलं आहे. पेशी शिकवताना. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, प्रद्रव्यपटल. तो तेलकट असतो, आणि मिठातले कण, म्हणजे सोडियम, पोटॅशियमचे आयन, त्यातून आपले आपण आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यात दारं बसवलेली असतात, आणि ती दारं म्हणजे प्रथिनं. पण दार तयार होतं एकीकडे आणि बसवायचं असतं दुसरीकडे. आत आंतर्द्रव्यजालिकेत ते विणलं जातं, त्याला घड्या पडतात, आणि तिथेच त्याची तपासणी होते. घडी बरोबर पडली असेल तर पुढे गॉल्जी संकुलात, तिथून एका इवल्याशा पिशवीत बसून, पेशीतल्या बारीक नळ्यांच्या रस्त्यावरून भिंतीपर्यंत, म्हणजे त्या बाहेरच्या पडद्यापर्यंत. त्याच्या अंगावरच कुठे जायचं त्याची खूण असते. मज्जापेशीत काही दारं तंतूच्या सुरुवातीला लागतात, काही पार टोकाला. हृदयाच्या पेशीत काही दोन पेशी जुळतात त्या सांध्यावर. जागा चुकली तर दार असून उपयोग नाही. आणि घडी जराशी जरी चुकली, तरी तपासणारे त्याला पुढे सोडत नाहीत. आतच अडवतात, मागे नेतात, मोडून टाकतात. गंमत अशी, की अडवलेल्यांपैकी काही दारं भिंतीपर्यंत पोचली असती तर नीट उघडली-मिटली असती. ‘झालं काहीच नाही, पण पेटीत बसत नाही,’ असं मी म्हणायचे आणि मुली हसायच्या.

मागच्या हंगामातला तो रविवार. नंदाची मुलगी कोमल बारावीच्या परीक्षेच्या तयारीला बागेच्या कडेला, शेवग्याखाली पुस्तक घेऊन बसली होती. घरात बायांचा गलका असतो म्हणून. शेजारच्या बागेत कुणी तरी साळुंक्यांवर फटाका टाकला. मी शेडच्या दारात उभी होते, म्हणून मला सगळं दिसलं. कोमल दचकून उठली, पुस्तक हातातच होतं, आणि एखादं झाकण खाली पडावं तशी ती पडली. आरडाओरडा नाही, काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते आणि डोळे अर्धे उघडे. नंदाने तिला मांडीवर घेतलं. थोड्याच वेळाने तिने मोठा श्वास घेतला आणि विचारलं, ‘माझं पुस्तक कुठंय?’

बाया जमल्या. एक म्हणाली, उपाशी असंल. दुसरी म्हणाली, अभ्यासाचं टेन्शन, आजकालची पोरं लई नाजूक. तिसरी हळूच म्हणाली की शेवग्याखाली बसू द्यायचं नव्हतं. नंदाच्या मोठ्या जाऊबाई मात्र हसत हसत नंदाकडे बघून बोलल्या, ‘आईवर गेली पोरगी. परीक्षा आली की पडायचं.’

नंदाही हसली. मला हसू आलं नाही. कारण ती गोष्ट या घरापर्यंत मीच पोचवली होती, नंदाच्या लग्नानंतर, चेष्टेत.

आमचं माहेर डिंगोऱ्याचं. मी कॉलेजात आणि नंदा दहावीला, तेव्हा आईने घरात एक गजराचं घड्याळ आणलं होतं. डोक्यावर दोन पितळी घंट्या आणि मध्ये हातोडी. ते वाजायचं म्हणजे गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. पहाटे अभ्यासाला उठण्यासाठी ते आमच्या उशाशी असायचं. ते वाजलं की मी हात लांबवून बंद करायचे. नंदा अंथरुणात ताठ उठून बसायची, आणि कधी कधी तशीच आडवी व्हायची. एकदा तिचे कपडे ओले झाले. एकदा तिचं डोकं चुलीच्या कडेला आपटलं. आई घाबरली, तिने मला विचारलं, काय होतंय गं हिला? मी शिकलेली, थोरली. मला सकाळची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, ‘काही होत नाही. सोंग करते. गणित नकोय तिला.’

आईला दुसरं काय कळणार? माझ्यावर तिचा विश्वास. त्यानंतर नंदा पडली की आई पाण्याचा हबका मारायची आणि ओरडायची. ती दहावीला नापास झाली, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. राजुरीत तिने बाग उभी केली, मुलगी वाढवली. मधूनमधून चक्कर यायची, म्हणायची. पण कुणाला सांगायची नाही. आपलं पडणं खरं नसतं, हे तिला आम्ही पक्कं पटवून दिलं होतं.

हे मी उगाच म्हणत नाही. कोमल बागेत पडली त्याच आठवड्यात आम्ही तिला पुण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी कोमलच्या ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली आणि नंदाला विचारलं, तुम्हाला कधी असं झालंय? मोठ्या आवाजाने, दचकून, बेशुद्ध पडणं?

नंदाने माझ्याकडे बघितलं. मग ओशाळून म्हणाली, ‘न्हाई तसं. ल्हानपणी जरा व्हायचं. पण ते काय खरं नव्हतं.’

मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. माझ्या मांडीवर पर्स होती. मी पर्सच्या चेनशी चाळा करत राहिले.

ठोका दिल्यावर हृदयाच्या पेशींनी पुन्हा सैल व्हायचं असतं. त्यासाठी पोटॅशियम पेशीबाहेर जावं लागतं, आणि त्याच्यासाठीची दारं भिंतीत पुरेशी लागतात. कोमलच्या पेशीत ती पुरेशी नव्हती. म्हणून सैल व्हायला उशीर लागायचा, आणि त्या उशिरात एखादा आवाज धक्क्यासारखा आला, की ठोक्यांचा मेळच विस्कटायचा. बहुतेक वेळा हृदय आपलं आपण सावरतं. एखाद्या वेळी सावरत नाही. कोमलला गोळ्या सुरू झाल्या आणि तिचं रक्त तपासायला गेलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला थांबवलं. म्हणाल्या, हे बहुतेक आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. दोघांच्या पट्ट्या काढा. आणि आईकडून असेल तर तुमचीही, तुमच्या मुलांचीही. काही औषधं यात चालत नाहीत, काही साध्या अँटिबायोटिकसुद्धा नाहीत, ते सगळ्यांना समजावून सांगा. तुम्ही जीवशास्त्राच्या आहात ना, मग मला काळजी नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नंदाचा माल गाडीत भरायचा होता, तिच्या नवऱ्याचे सारखे फोन येत होते. मी म्हटलं, गावाकडे काढून घेतो पट्ट्या. गाडी चाकणच्या पुढे आल्यावर मागच्या सीटवरून नंदाने विचारलं, ‘अक्का, बाई काय म्हणल्या गं तुला? मला काय करावं लागंल का?’

मी पुढे बघत म्हटलं, ‘नाही. तुला काही नाही.’

त्याच महिन्यात माझ्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरत होतं. आंबेगाव तालुक्यातलं चांगलं घर, मुलगा इंजिनिअर. ओझरला विघ्नहराच्या देवळात दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा भेटली. दर्शन झालं, चहा झाला, आणि मुलाच्या आत्याने गोड आवाजात विचारलं, राग मानू नका, पण घराण्यात फिट, दमा, हृदयाचं असलं काही? मी म्हटलं, नाही हो, देवाच्या दयेने काही नाही. देवासमोरच म्हटलं. मी हिशेब केला होता. नंदाची पट्टी काढली तर तिच्यातही तोच दोष निघणार, हे मला दिसत होतं. मग माझी काढावी लागणार, मग ऋतुजाची. एक पट्टी दुसरीला ओढून आणणार. लग्न होईपर्यंत थांबू, एवढंच मी स्वतःला सांगितलं. कोमलला गोळ्या चालू आहेतच, आणि नंदा इतकी वर्षं धडधाकट आहे.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाच फोन केला. म्हणाल्या, दार बनतंय, पण आत अडकून राहतंय, भिंतीपर्यंत पोचत नाही. चार तुकडे जुळून एक दार होतं, आणि त्यातला एक जरी वाकडा असला तर चांगलेही त्याच्याबरोबर आत अडकतात. मी ‘हो, हो’ म्हणत होते. मी स्टाफरूममध्ये होते आणि पुढच्या तासाला मला तोच धडा घ्यायचा होता. त्यांनी पुन्हा विचारलं, आईची पट्टी? मी म्हटलं, काढतेय.

तो तास मी घेतला. फळा भरून आकृती काढली. आतली जालिका, तिथून निघालेल्या पिशव्या, रस्ते, बाहेरची भिंत. ‘झालं काहीच नाही, पण पेटीत बसत नाही’ हे वाक्य आलं तिथे मी थांबले आणि पाणी प्यायले. मुलींना वाटलं, मॅडमचा घसा बसलाय.

आणि लग्न. मला त्या मे महिन्यातलं दुसरं काही आठवत नाही, एवढंच आठवतं. वरात दारात आली, डीजे सुरू झाला, पोरांनी फटाक्यांची माळ रस्त्यावर पसरली. मी कोमलला आधीच आतल्या खोलीत बसवलं होतं, दागिने सांभाळ म्हणून. नंदा बाहेर होती. नवरीची मावशी, डोक्यात गजरा, दोन्ही हात वर करून नाचत होती. माळ पेटवली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. मी तिला आत बोलावू शकले असते. कारण काय सांगू, हा विचार करेपर्यंत माळ संपली. ती घामाघूम होऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘ये की अक्का, एकुलती एक पोरगी तुझी.’ मी तिचा हात हातात घेतला. लोकांना वाटलं, बहिणीबहिणींचं प्रेम. मी तिची नाडी बघत होते.

लग्न होऊन गेलं. मग वाटलं, पहिला सण होऊ दे. मग दिवाळी. थांबायला नेहमीच काही तरी मिळतं.

यंदा बागेची तोडणी सुरू व्हायच्या आधी नंदाला खोकला झाला. गावातल्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिली. त्याची काही चूक नाही. त्याने विचारलं होतं, हृदयाचा काही त्रास? नंदा म्हणाली, न्हाई. तिच्या अक्कानेच तिला सांगितलं होतं ना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये क्रेट लावत होती, कुणाच्या तरी हातून लोखंडी वजनकाटा फरशीवर पडला. यावेळी ती आपली आपण उठली नाही. कोमलने तिची छाती दाबली. गोळ्या देताना पुण्यात तिला ते शिकवलं होतं. नारायणगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती दाबत होती. मी पोचले तेव्हा नंदाच्या अंगावर वायरी होत्या आणि पडद्यावर रेघ चालली होती. डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला हा आजार आहे? कोमल म्हणाली, मला आहे, पण आईला नाही, मावशीने पुण्याच्या डॉक्टरांना विचारलंय.

मी तेव्हाही निम्मंच बोलले. म्हटलं, आईलाही असणार. ती खोकल्याची अँटिबायोटिक बंद करा. नंदा शुद्धीवर आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं, तुलाही कोमलसारखंच आहे, आत्ता कळलं. ‘आत्ता’ हा शब्द मी कुठून काढला, माझं मला ठाऊक.

माझीही तपासणी झाली. पट्टी आणि रक्त, दोन्ही. माझ्यात काही नाही. म्हणजे ऋतुजातही नाही. ज्याच्यावर मी वर्षभर पांघरूण घालत होते ते माझ्या घरात नव्हतंच. तो कागद हातात आल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

गेल्या रविवारी राजुरीला गेले. तोडणी संपत आली आहे. नंदाला बागेत जायला मनाई आहे, म्हणून ती मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसली होती. शेजारच्या बागांना तिच्या नवऱ्याने फटाके बंद करायला लावलेत. ते आता जाळी लावतात आणि कुरकुर करतात. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पुण्याच्या बाई काय म्हणाल्या, गाडीत मी काय म्हटलं, ओझरला काय म्हटलं, लग्नात मी तिचा हात का धरला. माझं संपल्यावर तिने विचारलं, ‘तुझं काय आलं?’

‘माझ्यात नाही.’

‘मंग सोनूलाबी न्हाई?’ ऋतुजाला ती सोनू म्हणते.

‘नाही.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली, आणि तिने खरंच सुस्कारा सोडला. तो मला सोसला नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

मग तिने खुर्ची बागेकडे वळवली. आत कुणी तरी भांडी घासत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘म्हंजी घड्याळ वाजल्यावर मी खरंच पडायची.’

‘हो.’

‘आई जाताना माझा हात धरून म्हणली व्हती, नंदे, आता लेकरूबाळ झालं, आता तरी सोंगं सोड. तुला म्हाईत न्हाई, तू जुन्नरला गेली व्हतीस. मी म्हणलं, सोडते.’

मला हे खरंच माहीत नव्हतं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिने काढला. रागाने नाही, एखादी वस्तू बाजूला ठेवावी तसा. मग तिने कोमलला हाक मारली. कोमल ओल्या हातांनी बाहेर आली, उंबऱ्यात थांबली, आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघायला लागली.

‘बस हितं,’ नंदा तिला म्हणाली. आणि मग मला, ‘हिला सांग, अक्का. गोळ्यांचं तिला म्हाईत हाय. आपलं सांग, त्या घड्याळापासनं.’